उठल्यापासून सांगा

कोल्हारात आमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये सर्दीची साधी गोळी घ्यायला गेलं तरी दहा मिनिटं मोडायची. काउंटरमागे अण्णा बसायचे. चिठ्ठी हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवायचे आणि औषध काढायच्या आधी म्हणायचे, "हं, आता उठल्यापासून सांगा." मग किती वाजता उठता, पोटात पहिल्यांदा काय जातं, भाकरी कधी, दूध कधी, सगळं सांगावं लागायचं. गावानं त्यांचं नाव ‘उठल्यापासून अण्णा’ ठेवलं होतं. घाईतली माणसं सरळ पुढच्या चौकातल्या दुकानात जायची. मीही बऱ्याचदा त्यांतलीच. शाळेची एसटी गाठायची असताना आपण काय खाल्लं याची कीर्तनं कोण सांगत बसणार?

"गिळली म्हंजी झालं, असं नसतंय मास्तरीणबाई," ते मला म्हणायचे. "पोटात जानं येगळं आन् अंगी लागनं येगळं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी वर्गात पोरांना सुनवायला लागले. पाठांतराबद्दल.

एकदा एक बागायतदार गृहस्थ गरोदर सुनेच्या गोळ्या न्यायला आले होते. लोहाची आणि कॅल्शियमची, दोन्ही गोळ्या ती बाई एकाच घोटात, दुधाबरोबर घेत होती. सासऱ्यांना त्यात काही वावगं वाटेना. दोन्ही ताकदीच्याच, मग दोनदा कशाला उठायचं?

अण्णांनी विचारलं, "ठिबकला खतं सोडताना कॅल्शियम नायट्रेट आन् बारा-एकसष्ट एकाच टाकीत टाकता का?"

"छ्या. साका बसतोय खाली. नळ्या तुंबत्यात."

"मंग सूनबाईच्या पोटातच काहून एकत्र टाकता? लोहाची दुपारी, लिंबू पिळलेल्या पान्यासंगं. चहा-दूध त्याच्या आसपास न्हाई. कॅल्शियम रातच्याला, जेवल्यावर."

गृहस्थ विचारात पडून गेले. पुढच्या महिन्यात आले ते काउंटरवर हात टेकून मोठ्या समाधानानं म्हणाले, "अण्णा, सून आता दोन टाक्यांवर हाय." नातू झाला तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा मेडिकलमध्ये आला. अण्णांनी पेढा तोंडात टाकण्याआधी घड्याळाकडे पाहिलं, कारण त्यांची स्वतःची कुठलीशी गोळी व्हायची होती.

माझा त्यांच्यावरचा राग गेला तो आईच्या थायरॉईडमुळे. आई दिवसेंदिवस सुजत आणि सुस्तावत चालली होती. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पुन्हा वाढवली, पण रिपोर्ट काही सुधारेना. चार गायींची धार एकटीनं काढणारी बाई बादली घेऊन उठताना खांब धरायला लागली. शेवटी तिनंच व्यापाऱ्याला बोलावलं. तो गायी बघून गेला, गुरुवारी न्यायला येणार होता. आई गोठ्याकडे पाठ करून बसायची आणि आम्ही तिच्याशी दुसरंच काहीतरी बोलत राहायचो.

बुधवारी आईच्या गोळ्या आणायला गेले, ती सोबत होती. अण्णांनी चष्मा कपाळावर नेला. "वैनी, उठल्यापासून सांगा."

मी म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांनी विचारलंय सगळं. उपाशीपोटीच घेते ती."

"तुमी थांबा. त्यांना सांगू द्या."

आई सांगू लागली. पाचला उठते, चूळ भरते, चहा टाकते. चहाच्या पहिल्या घोटासंगं गोळी, म्हणजे विसरायला नको. मग धारा.

"आन् ह्याला तुमी उपाशीपोटी म्हनता?"

"मंग? चहा म्हंजी काय खानं हाय का?" आई म्हणाली. "चतुर्थीला तीन कप पेते मी. चहानं चतुर्थी मोडत न्हाई, तर गोळीचं काय मोडतंय?"

"गणपती समजून घेतोय वैनी. गोळी न्हाई घेत."

मी तिथं गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यानं उभी. शिकलेली मुलगी, रोज सकाळी तो कप आईच्या हातात बघत होते. अण्णा म्हणाले, "माझीबी हीच गोळी हाय. उठलं की पान्यासंगं घ्यायची, मंग धारा काढायच्या, आन् धारा झाल्यावर चहा. कमीत कमी अर्धा तास गेला पायजे. आन् डॉक्टरला हे जाऊन सांगा, डोस त्येच ठरवतील."

व्यापाऱ्याला आईनं दोन महिन्यांचा वायदा दिला. दोन महिन्यांनी रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच गोळी कमी केली. आई पुन्हा बादली उचलून चालायला लागली आणि तिनं व्यापाऱ्याला फोनवर सांगून टाकलं की गायी विकायच्या नाहीत. मी पेढे घेऊन गेले तर अण्णा म्हणाले, "मी काय केलं? मधला चहा काढला."

पुढं त्यांची बायको गेली, गुडघे थकले, आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. दुकानाच्या शेवटच्या दिवशी आई निरोप द्यायला गेली. रिकाम्या फळ्यांपुढे अण्णा बसले होते. आई म्हणाली, "आज तुमी सांगा अण्णा. उठल्यापासून."

ते हसले. "उठतो. गोळी घेतो. दुकान उघडतो." मग म्हणाले, "उद्यापास्नं गोळी घेऊन काय करायचं, ते अजून ठरलं न्हाई."

"मंग गोळी घेतली की फोन लावा. धार काढताना माझं तोंड रिकामंच आसतंय."

आणि खरंच, दोन वर्षं रोज पहाटे आमच्या गव्हाणीच्या काठावर स्पीकर चालू करून ठेवलेल्या मोबाईलमधून अण्णा बोलायचे. पुण्याचं पाणी, सुनेची पोळी, सोसायटीत कुणाला कुठली गोळी कशाबरोबर घ्यायला लावली. चहाची वेळ झाली की दोघंही फोन ठेवायची.

गेल्या थंडीत त्याच वेळेला फोन आला, पण त्यावर त्यांचा मुलगा होता. आईनं धारा पुऱ्या काढल्या. चहा मात्र त्या दिवशी टाकला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या चुकवलेल्या त्या सगळ्या दहा-दहा मिनिटांची लाजही वाटली.

यंदा माझा रिपोर्ट आला. तीच गोळी. मी आता नगरला राहते. पहिल्या सकाळी गोळी घेतली आणि गॅसवरचं रिकामं पातेलं बघत उभी होते, तोच फोन वाजला. मागे बादलीत धारेचा आवाज येत होता.

"घेतली का? पान्यासंगंच ना?" आई म्हणाली. "मंग चहाला वेळ हाय अजून. सांग, उठल्यापासून सांग."

सकाळची शाळा होती, एसटी गाठायची होती. मी खुर्ची ओढली, बसले आणि सांगायला लागले.