पुस्तकात गळती शोधणारा शेजारी

आमच्या शेजारी राहतात ते नळदुरुस्तीचं काम करतात. अख्खी इमारत त्यांना नळभाऊ म्हणते, मी भाऊजी म्हणते, आणि त्यांची बायको काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारण हा माणूस वाचतो. आपण पेपर तोंडावर घेऊन डुलक्या काढतो, तसं नव्हे. टाकी भरेपर्यंत वाचतो, सिमेंट वाळेपर्यंत वाचतो, दुसऱ्याच्या मोरीत उकिडवा बसून वाचतो. "लग्नात माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं असतं तर!" असं बायको येताजाता ऐकवते.

तिचं खरंच आहे. भाऊजी पुस्तकाकडे जुन्या पाइपाकडे पाहावं तसं पाहतात: कुठून गळतंय?

कादंबरीतली नायिका तिसऱ्या मजल्यावर तासभर आंघोळ करते. आपण तिचं दुःख वाचतो. यांचा प्रश्न, एवढं पाणी वर चढवलं कोणी, आणि ते चढवणारी मोलकरीण एकाही प्रकरणात का नाही? मग गरिबीवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला. त्यात वस्तीतल्या बायकांच्या दिवसभराच्या कामांचा तक्ता होता. "ताई, यात नळावरच्या रांगेचे दोन तास कुठेच नाहीत," भाऊजी म्हणाले. "या साहेबांच्या घरी पाणी आपोआप येत असणार." मी हसले, आणि मग त्या तक्त्याचा विचार करत बसले. यांच्याशी बोललं की हमखास दूध उतू जातं.

तर झालं असं, की वरच्या मजल्यावरच्या बाईंचा पाइप यांनी बसवून दिला. बाई निवृत्त शिक्षिका, इतिहासाच्या. पुस्तकांना कव्हरं, कव्हरांवर नंबर. पानाचा कोपरा दुमडला म्हणून सख्ख्या दिरालाही पुन्हा पुस्तक न देणाऱ्या! पण पाइप बसवताना भाऊजींनी असे काही प्रश्न विचारले, की बाईंनी चक्क कपाट उघडून एका जुन्या राजघराण्याच्या इतिहासाचा पहिला भाग हातात ठेवला. दुसरा भाग, हा परत आला की.

पहिला भाग संपतो तो किल्ल्याला वेढा पडून सोळा दिवस झाल्यावर. आत तीन हजार माणसं, एकच टाकं, बाहेर शत्रू. पुढे काय झालं ते दुसऱ्या भागात. भाऊजींचा जीव टांगणीला.

आणि रविवारी सकाळी हे माझ्या दारात उभे, चेहरा उतरलेला. "ताई, घोळ झालाय."

पाइप जिथे कापायचा, जिथे गळतो, तिथे ते निळ्या तेलकट पेन्सिलीनं फुली मारतात. हाताची सवय. वाचता वाचता बाईंच्या पुस्तकात एकोणीस फुल्या! मी शहाणपणानं म्हटलं, खोडरबर लावा. त्यांनी माझ्यासमोरच लावला. फुलीची जागा निळ्या ढगानं घेतली.

"आता अठरा फुल्या आणि एक आभाळ," मी म्हणाले.

"हसताय काय! दुसरा भाग गेला माझा. चला बरोबर."

"मी कशाला?"

"आभाळ तुमचं आहे."

गेलो. बाईंनी चष्मा लावून एकेक पान उलटलं. भाऊजी शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखे.

"ही काय मस्ती आहे?" बाई अखेर म्हणाल्या. "ही फुली कशाची?"

"तिथे गळतंय."

"काय गळतंय?"

"टाकं वीस हात लांब, दहा रुंद, आठ खोल. लिहिलंय वरच. पाणी सोळा दिवस पुरलं म्हणतात. सातव्या दिवशी तळ दिसायला हवा, बाई."

"माणशी हिशेब केलाय लेखकानं. बरोबर आहे."

"माणशी केलाय. पण मागच्या पानावर चारशे घोडे आत घेतले. घोडा माणसाच्या दहापट पितो. त्यांना काय इतिहास वाचून दाखवला सोळा दिवस?"

बाईंनी मागचं पान काढलं. मग पुढचं. मग पुन्हा मागचं. "बावीस वर्षं शिकवलं मी हे," त्या पुटपुटल्या, "घोडे कुणीच मोजले नाहीत."

"मग पाणी आणखी कुठून तरी येत होतं," भाऊजी म्हणाले. "नाहीतर कोणीतरी खोटं बोलतंय. मला तेवढंच कळायला हवं. मग पुन्हा पुस्तक मागणार नाही."

बाई उठल्या, कपाटाकडे गेल्या, दुसरा भाग काढला. भाऊजींनी हात पुढे केला, तर त्यांनी पुस्तक छातीशी धरलं.

"घरी मिळणार नाही. इथे बसायचं. मी मोठ्यानं वाचणार, तुम्ही फुली तोंडानं मारायची."

भाऊजी खुर्ची सोडून जमिनीवरच बसले. बाईंनी घसा साफ करून पहिलं वाक्य वाचलं.

"थांबा," भाऊजी म्हणाले.

मी खाली आले. घर झाडलं, कपडे वाळत घातले, भाऊजींच्या बायकोला साग्रसंगीत सगळं सांगितलं, आणि दोघी मिळून वर डोकावलो. ती दोघं अजून दुसऱ्याच पानावर भांडत होती, आणि किल्ल्यातलं पाणी काही संपत नव्हतं.