दादाचं माईकवरचं बोलावणं

आधीच सांगून टाकते, मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. अमावस्या आली की सासूबाई दारावरून नारळ उतरवतात आणि माझं त्यांच्याशी वाजतं. ह्या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव वाचूनसुद्धा "ह्या लोकांना कामधंदा नाही" असं मी नवऱ्याला कितीदा म्हटलंय. आज स्वतःच लिहायला बसलेय ते कुणाला घाबरवायला नाही. माझा सख्खा मोठा भाऊ आमच्या डोळ्यांदेखत वाळत चाललाय, आणि आम्हाला काही म्हणजे काही करता येत नाहीये... कुणाला काही सुचलं तर सांगा, एवढ्यासाठी लिहितेय.

मी धाराशिवची. नवऱ्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, आणि गेली काही वर्षं मी कार्यक्रमांचं बघते. हल्ली त्याला इव्हेंट म्हणायचं असतं, म्हणू! आमच्या जिल्ह्यातल्या वाशीहून कळंबकडं जाताना एक फाटा लागतो. आत एक गाव, गावाच्या टेकाडावर गढी. गावाचं नाव लिहीत नाही, मालकांना उगाच ताप नको. गढी म्हणजे खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे बुरूज, मधी मोठा फरसबंद चौक. चौकाच्या खाली पेवं आहेत, म्हणजे पूर्वी धान्य साठवायला जमिनीत केलेली कोठारं. त्यांची तोंडं आता शिळा टाकून बंद केलीत. मालक पुण्याला असतात. त्यांनी डागडुजी केली, बाथरूम-बिथरूम बांधली आणि कार्यक्रमांना द्यायचं काम माझ्याकडं सोपवलं.

आणि चाललं की हो झक्कास! एका बियाण्याच्या कंपनीची डीलर मीटिंग झाली, एका बँकेचं ट्रेनिंग झालं, फोटोशूटला तर पोरापोरींची रीघ. कंपनीवाल्यांचं जेवण कसं असतं माहितीये ना... गळ्यात नावाचं कार्ड, हातात कूपन, कूपन दिलं की ताट. बुफे. कधी एक चमचा इकडचा तिकडं झाला नाही. उलट जेवण उरायचं आणि आम्ही ते गावात वाटायचो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं मी ह्याच गोष्टीवर डोकं फोडून घेतलंय.

आता दादा. दादा कळंबला राहतो, एसटीत कंडक्टर आहे. आवाज असा की स्टँडच्या ह्या टोकाला बोलला तर त्या टोकाचा माणूस बॅग उचलतो. गाडी सुटायच्या आधी "कुणी राहिलंय का?" हे विचारायची इतकी सवय की घरात लाईट घालवतानासुद्धा तेच विचारतो. आणि जेवायला बसला की कढीपत्त्याचं एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवणार. लहानपणी आई म्हणायची, "ह्याला काय झाडाखाली बसवलंय व्हय, पाला गोळा करायला?" पन्नाशी ओलांडली तरी सवय गेली नव्हती. कढीपत्ता, मिरचीची देठं, शेंगांची सालं, सगळं कसं ओळीत.

त्याच्या लेकीचं, आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं तसा तो सरळ माझ्या दारात आला. म्हणाला, "बहिणीच्या हातात गढी असताना मी मंगल कार्यालय कशाला हुडकू? लोकांला दिसू दे की माझी मनी काय करायलीय ते." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण त्याची एक अट होती, जेवण पंगतीत. मी म्हटलं, दादा, आता सगळीकडं बुफे असतो, सोपं पडतं. तर भडकला. "हातात ताट घेऊन लायनीत उभारायला माझे पाव्हणे काय रेशनला आलेत?"

झालं. चौकात सतरंज्या पडल्या, पत्रावळ्या आल्या. आचारी आमचे नेहमीचे, काशिनाथमामा. हजार माणूस जेवून उठलं तरी ह्या माणसाचा अंदाज चुकत नाही. वांग्याची भाजी, शेवग्याच्या शेंगांचं वरण, भात, पुऱ्या, भजी, मठ्ठा आणि भूम तालुक्यातला खवा आणून केलेले गुलाबजाम. दादा म्हणाला होता, गुलाबजाम मोजून वाढायचे नाहीत.

दुपारचा मुहूर्त होता. लख्ख ऊन, हलगी वाजतेय, पोरं पळतायत, भीतीबिती वाटावी असं औषधालाही काही नव्हतं. अक्षता पडल्या आणि माझा नवरा माईकवरून नेहमीचं सांगायला लागला, की मंडळींनी भोजनाचा लाभ घ्यावा. दादानं त्याच्या हातातनं माईक काढून घेतला. डोक्याला फेटा, लेकीचं लग्न लागलेलं, डोळे भरून आलेले. तो जे बोलला ते माझ्या मोबाईलच्या व्हिडिओत आहे. मी ते इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

"पाव्हणे-रावळे हो, ही माझ्या लेकीची पंगत हाय! आत असंल, बाहीर असंल, वळखीचा असंल न्हायतर बिनवळखीचा असंल... कुणीबी जेवल्याबिगर जायचं न्हाय. तुमाला माझ्या गळ्याची आण हाय! कमी पडलं तर माझ्या ताटातलं देईन, पण एकालाबी उपाशी जाऊ देणार न्हाय!" आणि मग सवयीनं, "कुणी राहिलंय का?"

सगळा मांडव हसला. मागनं कुणीतरी ओरडलं, "मास्तर, डबल बेल द्या आता!" दादापण हसला. पहिली पंगत बसली.

दुसऱ्या पंगतीला काशिनाथमामा माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. "ताई, भात निम्म्यावर आलाय."

मी म्हटलं, कसं शक्य आहे?

"मलाबी तेच कळंना गेलंय. वाढपी नुसतं पातेलं भरून न्यायलेत अन् मोकळं आणायलेत."

मी वाढप्यांना धरलं. मला वाटलं मागच्या दारानं भांडी चाललीत कुठंतरी. तर ते म्हणाले, ताई, वाढून पुढं सरकलं की मागचं पान रिकामं. मी स्वतः रांगेतनं चालले. पल्लवीची चुलत सासू, चांगली थोराड बाई, आपल्या पत्रावळीकडं बघत बसलेली. मला बघून हसली. "आवं, एवढं खाल्लं व्हय म्या? पोटात तर काईच न्हाय." शेजारची म्हणाली, "मलाबी जरा भात वाढा की." सगळीकडं तेच. लोक भांडत नव्हते, लाजत लाजत मागत होते. एरवी मराठवाड्यातला पाहुणा "बास, बास" म्हणून पानावर हात आडवा धरतो. त्या दिवशी एकाचाही हात आडवा झाला नाही.

नवरदेवाकडची शेवटची पंगत बसली तेव्हा आमच्याकडं मठ्ठ्याचं पाणी आणि थोडी भजी एवढंच होतं. लेकीच्या लग्नात, वरपक्ष रिकाम्या पानावर! दादा हात जोडून रांगेतनं फिरत होता. "चुकलं आमचं, सोयरे, चुकलं." व्याही खरंच भला माणूस, त्यानं उठून दादाला मिठी मारली, म्हणाला, "होतंय असं, आपण घरचीच हावोत." पण दादाचा चेहरा... मेल्याहून मेल्यासारखा होता. माझा नवरा गाडी काढून वाशीला पळाला, ढाब्यावरनं रोट्या अन् भाजी आणली, तीच वाढली.

मला राग आला होता, चोर पकडायचा होता. म्हणून मी गढीच्या मागं उष्ट्या पत्रावळ्या टाकल्या होत्या तिथं गेले. म्हटलं, पानांवरून कळेल किती जेवले.

सगळी पानं चाटून-पुसून स्वच्छ. धुतल्यासारखी. तुम्ही कुठल्याही लग्नात जाऊन बघा, पानात कायतरी राहतंच, अर्धी पुरी, भाताची शितं. इथं शीत नव्हतं. शेवग्याच्या चोथ्याचा तुकडा नव्हता, मिरचीचं देठ नव्हतं. कढीपत्त्याचं एक पान नव्हतं. माणूस कितीही भुकेला असला तरी शेंगेची सालं खात नाही हो! आणि कुत्री... उष्ट्यावर तुटून पडणारी गावातली कुत्री वेशीच्या बाहेर बसून होती. एकही आत आलं नाही.

मी कुणाला बोलले नाही. आधीच दादाचं तोंड बघवत नव्हतं.

दादाचा तर सकाळपासून उपास, कन्यादान करणाऱ्याचा असतो तसा. वहिनीनं शहाणपणानं पहिल्याच पंगतीच्या वेळी त्याचं एक ताट वाढून झाकून ठेवलं होतं. पल्लवीची पाठवणी झाल्यावर त्याला चौकाच्या कडेला बसवून तिनं ते पुढं ठेवलं आणि ती पाणी आणायला गेली. परत आली तर ताट लख्ख. "जेवलो," दादा म्हणाला. वहिनीला बरं वाटलं. मी मात्र ताटाच्या कडेला कढीपत्ता शोधत राहिले, एकही पान नव्हतं.

तेव्हापासनं दादा तसाच जेवतोय.

आधी वाटलं, मनाला लावून घेतलंय. मग कपडे ढिले व्हायला लागले. वहिनीचा फोन आला, "वन्सं, हे चार माणसांचं खायलेत अन् अंगाला कायबी लागंना गेलंय." मी कळंबला गेले. समोर बसून वाढलं. भाकरी, पिठलं, वरण. त्यानं सगळं खाल्लं, घाईनं नाही, नीट, शांतपणे. फोडणीतला कढीपत्ता खाल्ला. मिरचीचं देठ खाल्लं. बोटानं ताट पुसून घेतलं. मी म्हटलं, "दादा, कढीपत्ता?" त्यानं ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, "मने, मी खातोय गं. तोंडात चव बी लागतीय. पण पोटात जाईना. कुणाच्या जायलंय, कळंना गेलंय."

धाराशिवला दाखवलं, सोलापूरला दाखवलं. शुगर, थायरॉईड, जंत, सगळं तपासून झालं. रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी मानसोपचाराच्या गोळ्या दिल्या, त्यानं झोप लागते, बाकी काही नाही. ड्युटी सुटलीय. बसमध्ये चढवत नाही त्याच्याच्यानं.

मग मी, न मानणारी बाई, तेही केलं. मालकांना विचारलं, ह्या गढीत पूर्वी काही झालंय का. ते म्हणाले, आमच्या ऐकण्यात तरी नाही. गावातले एक म्हातारे एवढंच बोलले, "दुष्काळात पेवं भरलेली असायची म्हणं, अन् माणसं वेशीबाहीर उपाशी बसायची. खरं-खोटं देव जाणे." मी आणि वहिनी भर दुपारी गढीत गेलो. चौकात पानं मांडली, सगळा स्वयंपाक वाढला, हात जोडले. म्हटलं, पोटभर जेवा आणि आमच्या माणसाला मोकळं करा. ऊन उतरेपर्यंत बसलो. वाढलेलं तसंच्या तसं राहिलं, भातावर मुंग्या आल्या. मला तिथंच रडू फुटलं. मी बोलावून काय उपयोग? त्यांना बोलावलं होतं दादानं.

म्हणून मी दादाला म्हटलं, तूच चल. माईक लावते, तूच बोल, की जेवण झालं, आता उठा. मला वाटलं तो वेड्यात काढेल. त्यानं काढलं नाही. उलट माझ्याकडं नीट वळून बसला. मग म्हणाला, "बोलावलेल्याला पानावरनं ऊठ कसं म्हणू, मने? आण घालून बसवलंय म्या. पंगतीतनं कुणाला उठवायचं असतंय व्हय?"

मी चिडले, ओरडले, पाया पडले. तो नुसता मान हलवत राहिला. दादाला मी ओळखते हो. ह्या माणसानं आयुष्यात रस्त्यातल्या म्हातारीला गाडीत घेतल्याशिवाय बेल दिली नाही. तो कुणाला उठवणार नाही.

गढीच्या तारखा मी बंद केल्यात. बाकी माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. हे काय आहे, मला ठाऊक नाही. कूपनवाल्यांनी कधी कुणाला आण घालून बोलावलं नव्हतं आणि दादानं बोलावलं, एवढाच फरक मला दिसतो. हसायचं त्यांनी हसा, मीही हसले असते.

परवा रविवारी कळंबला जाऊन आले. दादा जेवायला बसला होता, मनगट एवढंसं झालंय, घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. ताट लख्ख झालं. उठायच्या आधी त्यानं रिकाम्या खोलीभर नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "कुणी राहिलंय का?" थोडा वेळ थांबला, ऐकत असल्यासारखा. मग पुन्हा नीट मांडी घातली आणि ताट वहिनीकडं सरकवलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं... आणि भात वाढला.