दोन रापणींच्या मध्ये

साठ सालाच्या पुढेमागे आमची प्लाटून शांतिसेनेत परदेशात होती, दोन फौजांच्या मधल्या वाळूवर. हुकूम सोपा: मध्ये उभं राहायचं, गोळी झाडायची नाही. ऐकायला बरं वाटतं, उभं राहून बघा म्हणजे कळेल! सकाळी गस्त, दुपारी टेहळणी, संध्याकाळी वायरलेसवर तेच वाक्य: "लाईन शांत. ओव्हर."

आमचे सुभेदार शांतता राखणं हे रायफल साफ करण्यासारखं शिकवायचे. चिडलेल्या माणसाच्या समोर नाही, बाजूला उभे राहा. नावाने हाक मारा. खाली बसवा. त्याच्या हाताला काम द्या. "आणि भाषण कोणी झोडायचं नाही," ही वर ताकीद. मी नाईक होतो. आमच्या देवबागचाच इनास माझ्या सेक्शनमध्ये शिपाई होता. आगाऊ पोरगा, सुभेदारांची हुबेहूब नक्कल करायचा.

आम्ही दोघं एकदमच लिव्हवर गावी आलो. त्या वर्षी मासळी नव्हती. वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकांशी बोलत नव्हत्या. आमच्याकडे रीत अशी, की एकाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून किनाऱ्याला लागेपर्यंत दुसऱ्याने समुद्रात जाळं सोडायचं नाही. त्या सकाळी बांगड्याचा थवा दिसला आणि दोन्ही वाड्यांनी एकदमच होड्या लोटल्या. दोन्ही रापणी पाण्यात एकमेकींत गुंतल्या. कोणीही एकट्याने ओढलं तर दोन्ही फाटणार.

आम्ही पोचलो तेव्हा किनारा गप्प होता. ओरडणारी गर्दी परवडते, गप्प झालेल्या गर्दीची मला आजही भीती वाटते. बायका पाट्या उचलून माडांत शिरल्या. पुरुषांच्या हातात वल्ही होती, काहींच्या हातात कोयते.

"तू जयरामकडे. मी बाबलकाकांकडे," मी म्हणालो. दोघेही आपापल्या वाडीचे तांडेल, शब्द त्यांचाच चालायचा.

"येस सर," इनास म्हणाला. गावातसुद्धा!

मी बाबलकाकांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. "काका, वायच बसा."

"माझी रापण फाटता हा, आणि मी बसू?"

"बसा. मासळी दोघांची, अर्धी अर्धी. फक्त सगळ्यांनी मिळान ओढूक होयी."

काकांनी पाण्यातल्या जाळ्याकडे पाहिलं. मग वाळूत बसले. पलीकडे जयरामही बसला. मग दोन्ही तांडेल उठले, दोन्ही वाड्यांची माणसं एकाच दोरीला लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाबलकाकांचा भाऊ शंकर माडांतून आला. त्याला आमचं बोलणं ठाऊक नव्हतं. त्याने एवढंच पाहिलं, की जयराम आपल्या दोरीला हात घालतोय. "माझ्या रापणीक हात लावतस?" म्हणत त्याने कोयता उगारला. इनास मध्ये शिरला. घाव त्याच्या मानेवर बसला.

इनासचा थोरला भाऊ पेद्रू दोरीवरच होता. त्याने पडलेला कोयता उचलला. त्याच्या मागे माणसं सरसावली, शंकरच्या मागेही. सगळं देवबाग त्या एका कोयत्यावर टांगलं होतं. मी पेद्रूच्या बाजूला गेलो.

"पेद्रू, हडे ये. इनासाची मान धर. घट धर. सोडू नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. कोयता टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. वाड्यांनी मिळून होडी काढली, खाडीतून मालवणच्या दवाखान्याच्या दिशेने हाणली. पेद्रूने हात काढला नाही. इनास गेला, तरी काढला नाही.

त्या दिवशी दुसरा कोणी मेला नाही. शंकर स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे गेला. त्या शंकऱ्याचा राग मला आजही येतो, खोटं कशाला बोलू?

युनिटमध्ये परतलो. रेजिमेंटच्या स्मारकाच्या दगडावर इनासचं नाव कोरा, असं मी सुभेदारांमार्फत वर मागितलं. कंपनी कमांडरनी बोलावून घेतलं.

"नाईक, दगडावर ड्यूटीवर पडलेल्यांची नावं असतात. शिपाई इनास लिव्हवर होता."

"नाही साहेब," मी म्हणालो. "ड्यूटीवर होता."