खोलीतला वास

सातवा महिना लागला आणि मी बाळंतपणाला उंब्रजला माहेरी आले. आईनं मागची खोली माझ्यासाठी पुसून लख्ख केली होती. वडील गेल्यापासून ती स्वतः तिथंच निजायची. "त्या खोलीत एकटं वाटत न्हाई," म्हणायची. आता तिथं माझी कॉट, खाली तिची वाकळ आणि कोपऱ्यात रिकामा पाळणा, अशी मांडामांड झाली.

चार-आठ दिवसांत माझं डोकं धरायला लागलं. सकाळी उठावं तर गच्च. दुपारी पुढच्या सोप्यात पडलं की उतरायचं. ज्याला सांगावं तो म्हणायचा, पोटुशीला होतंच. कप्पाळ होतं! आई रोज सकाळी डोक्याला फडकं आवळूनच चहा ठेवायची, पण ती तिची सवय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आमच्या मागच्या भिंतीला लागून पूर्वी पेट्रोल पंप होता. तो बंद पडला, पण जमिनीतल्या टाक्या तिथंच राहिल्या. टाक्या गळत असतील तर पेट्रोलची वाफ मातीतून सरकत सरकत शेजारच्या घराच्या फरशीखाली येते, असं नवऱ्यानं मला फोनवर वाचून दाखवलं. झालं! मी पंपाच्या मालकामागं हात धुऊन लागले. शेवटी त्यानं मातीतली हवा तपासायला पुण्याहून एक साहेब पाठवला. मला एवढंच कळायला हवं होतं, की माझं बाळ त्या खोलीत निजवायचं की नाही.

साहेब आला तो नेमका नागपंचमीला. आई मूळची शिराळ्याची, नागांची पूजा होते त्या गावची. त्यानं ड्रिल मशीन बाहेर काढलं आणि आईनं खोलीच्या दारात फतकल मारली.

"आज भुईत खिळा बी ठोकायचा न्हाई. दिंडं खावा, उद्या या."

साहेबानं पुरणाची दिंडं खाल्ली. लय खाल्ली. मग निदान माहिती तरी घ्यावी म्हणून मोबाईल काढून आईला विचारायला लागला.

"काकू, या खोलीत वास आहे का?"

"हाय की."

"कधीपासून?"

"माझ्या लग्नाच्या आधीपासनं. सासूबाईंनी सांगितल्यालं."

"कमी-जास्त होतो?"

"पावसाळ्यात जास्त जानवतो."

साहेब हे सगळं इमानेइतबारे टिपत होता.

"त्रास काही?"

"आपुन न्हाई दिला तर त्यो बी न्हाई देत. दूध ठिवलं की गप ऱ्हातो."

साहेबाचा अंगठा थांबला. मी पोट धरून हसले, आणि त्या दिवसांत पोट धरणं काही सोपं नव्हतं. आमच्याकडं जागेत वास आहे म्हणजे तिथं नागोबा राहतो, घराची राखण करतो. आई रोज कोपऱ्यात दुधाची वाटी ठेवायची आणि ती रोज रिकामी व्हायची. आमच्या गल्लीतलं मांजर चांगलंच गुबगुबीत होतं. साहेबानं लिहिलेलं सगळं पुसलं आणि पेट्रोलच्या वासाचं विचारलं. "त्यो काय, येतोच की," आई म्हणाली, "हायवेला घर हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं फरशीला भोक पाडलं, त्यात बारीक नळी बसवली, भोवतीनं ओली माती लिंपली आणि नळीला घागरीएवढा स्टीलचा गोळा जोडला. खालची हवा त्यात हळूहळू भरणार होती. तोवर खोलीत कुणी जायचं नाही, उदबत्ती नको, फिनेल नको, असं बजावून तो चहाला गेला. परत येतो तर नळीभोवती लाह्या, दूध आणि उदबत्तीचा अख्खा जुडगा.

"काकू, आता वास मिसळला हो सगळा!"

"मिसळला म्हंजी? त्यो कुनात मिसळत न्हाई."

"आई, अगं माझ्या बाळाचा प्रश्न आहे!" मी ओरडले.

"म्हनून तर लावली. ह्यांनी त्याच्या डोस्क्यावर भोक पाडलंय. त्यानं बाळावर राग धरला म्हंजी?"

मला इतका राग आला की रडूच आलं. ती बाळासाठीच घाबरली होती, हे कळल्यावर तर आणखी राग आला. साहेबानं खोली उघडी टाकून हवा खेळू दिली, दुसरं भोक पाडलं, आणि या वेळी दारात मी खुर्ची टाकून बसले.

निकाल फोनवर आला. फरशीखाली पेट्रोलची वाफ भरून राहिली होती, खोलीत ती झिरपत होती, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथं कुणीही निजायचं नव्हतं. मी आईला वाचून दाखवलं.

"लय हाय?" तिनं विचारलं.

"लय म्हणजे? त्या फरशीखाली मुंगीसुद्धा जगायची नाही!" मी तिच्या डोक्यावरच्या फडक्याकडं बघत ताडकन म्हणाले.

 पाळणा उचलून तिनं सोप्यात नेला, माझ्या उशा नेल्या. मग कोपऱ्यातली दुधाची वाटी घ्यायला परत आली आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली.

"चल की बाहेर," मी म्हटलं.

"मुंगी बी जगायची न्हाई म्हनलीस न्हवं?"

"हो."

"मग त्यो तर कवाच गेला आसंल." ती वाकळेवर बसली. "म्हंजी तुझा बाप गेल्यापासनं मी हितं एकलीच निजत हुते व्हय गं?"