कोर्टात पिकलेला हशा

वाचनालयातल्या मित्रांनो, मुद्दाम फळ्यावर लिहितोय. खुनाच्या कादंबऱ्यांचे वेडे आम्ही तिघे आज नंदुरबारच्या कोर्टात खराखुरा खटला ऐकायला गेलो.

म्हसावदच्या एका माणसाने बायकोचा गळा दाबला, असा आरोप होता. तिची आई साक्षीला उभी होती.

नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "गळ्यावरचे वळ उजवीकडे होते की डावीकडे?"

म्हातारी आधी उजवीकडे म्हणाली, मग डावीकडे. हशा पिकला. आम्हीही हसलो. अगदी पुस्तकातल्यासारखं पकडलं होतं तिला!

ती आमच्याकडे वळली. "मन्ही पोर मरी गई, आन् तुम्ही हसी ऱ्हायनात?"

संध्याकाळी सेशन्स जजने संशयाचा फायदा देऊन नवऱ्याला सोडलं. बाहेर आल्यावर एक सोबती म्हणाला, "कादंबरीच बरी. खुनी तरी सापडतो."

आपण इतके खून चवीने वाचले. मेलेल्या एकीचं तरी नाव आठवतं का कुणाला?