बोंबलांचा साक्षात्कार

माझं डोकं गरम आहे हे माझ्या आईनेच गावभर सांगून ठेवलं होतं. ती धाकट्या डहाणूत राहायची आणि सुके बोंबील विकायची. मसोलीला माझ्या फ्लॅटवर यायची ती पाटीभर वास घेऊनच. शेवटची आली तेव्हा बोंबील जरा ओलसर राहिले होते, म्हणून तिने ते माझ्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर, जबड्यात जबडा अडकवून, ऊन खायला टांगले. वरून, खालून, समोरून तक्रारी आल्या. मी भडकले. "पुन्हा हे घेऊन माझ्या दारात येऊ नकोस," म्हणाले. तिने एकेक बोंबील उतरवला, पाटी उचलली आणि रिक्षात बसली. आठव्या दिवशी ती गेली. झोपेतच.

तेराव्यानंतर तिच्या घरातून मी एकच वस्तू आणली. स्टीलचा कोरा डबा, वरचा कागदही न काढलेला. हा तिने कशाला घेतला असेल ते कळेना. मी त्यात रवा भरला. पण डोक्यातला किडा काही जाईना: आई माझ्यावर रागावून गेली का?

मी तलासरीला नोकरी करते. तिथल्या आमच्या शिपाईदादांनी उपाय सांगितला. "बाई, आमच्या पाड्यावरच्या भगताकडे चला. तांदळाचे दाणे टाकतो न् सगळं सांगतो." मी नाक मुरडलं. मी शिकलेली बाई! आणि पुढच्याच रविवारी डहाणूतल्या एका हॉलमध्ये, गेलेल्या माणसांशी बोलायला शिकवणाऱ्या शिबिराला जाऊन बसले. तिथे प्रोजेक्टर होता ना.

शिकवणाऱ्या मॅडम मुंबईहून आल्या होत्या. "ही शक्ती सगळ्यांत असते," त्या म्हणाल्या. "कोणाला दिसतं, कोणाला ऐकू येतं, कोणाला वास येतो. पहिलं जे जाणवेल ते बोलून टाका. बुद्धी मध्ये आणू नका." ती मी तशीही घरी ठेवून आले होते.

मग जोड्या लावल्या. माझ्यासमोर चिकूच्या वाडीचे एक शेठ आले. कपाळाला गंध, मांडीवर कापडी पिशवी. कांदालसूणसुद्धा न शिवणाऱ्या घरातले. त्यांनी डोळे मिटले.

"पांढरी साडी दिसते, बेन. गुलाबाचा वास येते. बोलते, बेटा, मी सुखी आहे."

आई आणि गुलाब! आणि 'बेटा'? फारच लाडात आली तर ती मला 'मेले' म्हणायची.

माझी पाळी आली. मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही. मग आला. सुक्या बोंबलाचा वास, अगदी नाकाखाली. माझ्या अंगावर काटा आला.

"आई आली!" मी ओरडले. "बोंबलाचा वास येतोय!"

मॅडम धावत आल्या. "पहिल्याच दिवशी!" हॉलभर टाळ्या. मला तर रडूच फुटलं. "आई, माझ्यावर रागावलीस का गं?" असं सगळ्यांच्या देखत विचारून बसले.

शेठ मात्र पांढरेफटक पडले होते. मॅडम दुसऱ्या जोडीकडे वळल्यावर त्यांनी पिशवी खुर्चीखाली सारली आणि वाकून पुटपुटले, "बेन, हळू बोला. आई नाय, माझी पिशवी आहे. सकाळी बाजारातून बोंबील घेतले. रोज डब्यात घालते, आज डबा वाडीवर राहिला. घरी कळला तर बायको उंबरा ओलांडू देणार नाय."

माझा साक्षात्कार पिशवीतून निघाला! "लाज नाही वाटत?" मी दातओठ खात म्हटलं. "मी माझ्या मेलेल्या आईशी बोलत होते. धाकट्या डहाणूच्या बोंबीलवालीशी!"

शेठनी चमकून मान वर केली. "लाल लुगडावाली मावशी? सगळ्यांना शिव्या घालायची, ती? अहो, ती मला किती वर्षं माल द्यायची. चिकूच्या खोक्यात, वरून पानं घालून."

मग त्यांचा आवाज खाली आला. "शेवटी भेटली तेव्हा मला विचारत होती, शेठ, वास बाहेर येणार नाय असा डबा कुठला? तुम्ही चोरून खाता, तुम्हालाच ठाऊक असेल. मीच दुकान दाखवला. बोलली, पोरगी माझी गरम डोक्याची, पण तिचा खरा आहे, शेजाऱ्यांना त्रास होते. आता डब्यातून घेऊन जाईन, बघू कशी घेत नाय."

मी उठले. "संदेश मिळाला?" मॅडमनी दारात विचारलं. "मिळाला," म्हटलं. शेठनी मागून येऊन हळूच चार बोंबील कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

घरी आल्यावर रवा परातीत ओतला. डबा पुसून त्यात ते चार बोंबील ठेवले आणि जोर लावून झाकण बसवलं. बाल्कनीत नेऊन नाक टेकवून हुंगलं. कसलाच वास येईना. आई माझ्यावर चिडली नव्हती. ती डबा शोधत होती. मी त्या दोरीखाली फतकल मारून बसले आणि वरच्या, खालच्या, समोरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी रडले.

"ये गं आता," मी म्हटलं. "घेऊन ये."