फायटरसाठी शिळं पाणी

मी ज्या घरात खोली घेऊन राहते, तिथे फ्रिजवर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती आणि तिच्यात एक निळा मासा होता. पहिल्या दिवशी विचारावंसं वाटलं होतं, पण नव्या घरात आल्या आल्या काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. नंतर कळलं, की तो घरमालकीण काकूंच्या मुलाचा आहे. दुकानदार त्याला फायटर म्हणतात, इंटरनेटवर बेट्टा. काकू त्याला नुसतं 'तो' म्हणायच्या. मुलालाही 'तो'च म्हणायच्या. त्यामुळे "त्यानं काल काय खाल्लंच नाय" असं काकू म्हणाल्या, की कुणी खाल्लं नाही हे मला लगेच कळायचं नाही.

काका नाहीत. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला असतो. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आई, मासा दाखव." काकू फोन बरणीसमोर धरायच्या. फोनच्या काचेत मासा स्वतःलाच पाहायचा, दुसरा कुणी आला समजून गालाजवळचे कल्ले फुगवायचा, शेपटी पंख्यासारखी उघडायचा. तिकडे मुलगा हसायचा. कॉल जवळजवळ सगळा असाच जायचा. काकू फोनच्या मागे उभ्या. मुलाला त्यांचा आवाज यायचा आणि फार तर बोटं दिसायची.

"तुम्ही पण दिसा की त्याला," मी एकदा म्हणाले.

"मला काय बघायचंय? मासा हाय म्हणून फोन तरी करतो."

हे त्या हसून म्हणाल्या. पण मी त्यांच्या घरात राहत होते, त्यामुळे रविवारी त्या केस विंचरून किती लवकर फोनपाशी बसतात ते मला माहीत होतं.

दिवाळीनंतर मुलाने नवी टाकी पाठवली. त्याने कुठेतरी वाचलं होतं, की बरणी माशाला लहान पडते. टाकीबरोबर बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर होता, वर झाकण होतं, दिवा होता. काकूंनी खोका माझ्यासमोर ठेवला.

"तू सायन्सला हायेस. तुला जमंल."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझ्या गावी, देवगाव रंगारीला, आमच्या गल्लीत मी सुट्टीत गेले, की कुणी रक्ताचा रिपोर्ट दाखवतं, कुणी कपाशीवरच्या औषधाची बाटली आणतं, कुणी बंद पडलेला मोबाइल. मला हे येत नाही, असं म्हणायला मी अजून नीट शिकलेले नाही. काकूंपुढेही मला तसं म्हणता आलं नाही. खोका उघडला.

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरात सणासारखी गडबड असते. आधीचं साठवलेलं पाणी त्या दिवशी शिळं होतं. ते कुंड्यांना, फरशीला, अंगणात जातं. मग ड्रम, हंडे, माठ घासायचे आणि ताजं भरायचं. एवढी टंचाई असून लोक पाणी ओतून कसं देतात, असं कुणाला वाटेल. मला वाटलं नाही. गावाकडे माझी आईही असंच करते. ताजं पाणी दारात आल्यावर शिळं पाणी प्यायला ठेवणं म्हणजे घरातल्या माणसांची कदर नसणं, असं आम्हाला वाटतं.

मग माशाला तरी शिळं पाणी कसं द्यायचं? पाणी आलं त्याच दिवशी आम्ही नवी टाकी भरली. बरणीतलं पिवळसर पाणी मोगऱ्याला घातलं. मासा ताज्या, चकचकीत पाण्यात सोडला. दिवा लावला. काकू म्हणाल्या, "राजा दिसतोय बघ." खरंच दिसत होता.

पुढच्या पाण्याला आम्ही हंड्यांबरोबर टाकीही रिकामी केली. काच पुसली. फिल्टरचा स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता, तो मी नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. साबण लावला नाही, एवढं मला कळत होतं. त्याच्या पुढच्या पाण्यालाही तेच केलं. आणि मासा हळूहळू बिघडायला लागला.

आधी त्याने दाणे सोडले. मग शेपटी मिटून घेतली, ओल्या कपड्यासारखी. निळा रंग राखाडी पडला. तासन्‌तास तळाशी पडून राहायचा, मग एकदम वर येऊन तोंड उघडायचा आणि परत खाली. काकू माझ्याकडे बघायच्या. मी मोबाइलमध्ये बघायचे.

मोबाइलमध्ये सगळी उत्तरं होती, हाच प्रश्न होता. एक जण सांगत होता, पाणी बदला. दुसरा म्हणाला, पाणी बदलू नका. एकाच्या मते थंडी, एकाच्या मते जास्त खाणं, एकाच्या मते बुडबुडे जोरात आहेत. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं ते वाईट, असंही होतं. आणि काकू तर ड्रममध्ये तुरटीही फिरवतात. तुरटीचं काय, हे मात्र कुणीच सांगत नव्हतं. बहुतेक त्या लोकांच्या घरी तुरटी नसावी.

मी आईला फोन केला.

"नजर लागली आसंल," आई म्हणाली. "मीठ-मोहऱ्या उतरवून टाक."

"आई, मासा आहे तो."

"मग माश्याला काय नजर लागत नाय व्हय? दिवा लावून बसवलाय ना तुमी त्याला?"

गंमत अशी, की त्याच दिवशी एका व्हिडिओतली बाईही मीठ सांगत होती. फक्त ती पाण्यात घालायला सांगत होती. मी काकूंना दोन्ही सांगितलं. काकूंनी मीठ टाकीवरून ओवाळलं, थोडं बाहेर नेऊन टाकलं आणि थोडं हातात धरून मला विचारलं, "आता हे आत टाकू का?" मला ठरवता येईना. शेवटी आम्ही ते टाकलं नाही. थंडी असेल म्हणून काकूंनी मुलाची जुनी शाल टाकीभोवती गुंडाळली.

खरं तर एकाच माणसाला विचारायचं होतं. पण काकू ऐकत नव्हत्या.

"त्यानं एवढ्या हौशीनं पाठवली टाकी. तिच्यातच मासा आजारी पडला म्हणून सांगू? आन् मेला, तर रविवारी तो काय बघंल?"

त्या रविवारी काकूंनी रेंज नाही म्हणून कॉल कापला.

त्यानंतर एकदा मी टाकीजवळ बसून परीक्षेचा अभ्यास करत होते. सूक्ष्मजीवशास्त्रात नायट्रोजन चक्र येतं. ते मला चांगलं पाठ आहे. गेल्या परीक्षेत मी त्याची आकृती बाणांसकट काढली होती आणि सरांनी वहीवर 'छान' लिहिलं होतं. प्राण्यांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, तो विषारी असतो, एका जातीचे जिवाणू त्याचं एक रूप करतात, दुसऱ्या जातीचे दुसरं, आणि ते शेवटचं फारसं विषारी नसतं. पाठ म्हणताना माझी नजर टाकीवर होती. टाकीत मासा होता. माशाचं मलमूत्र टाकीतच होतं. मग जिवाणू कुठे होते?

स्पंजवर असणार. त्या तपकिरी बुळबुळीत थरात. जो मी पांढरा करत होते.

मी उठून काकूंना सांगायला लागले आणि अडकले. पुस्तकातलं वाक्य तोंडात येत होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मग म्हणाले, "काकू, ते विरजणासारखं आहे. स्पंजमध्ये विरजण लागतं. ते असलं तर पाणी माशाला बाधत नाही."

काकूंनी फिल्टरकडे बघितलं.

"मंजी तू दर पाण्याला विरजणाचं भांडं घासून काढत व्हतीस?"

"आपण दोघी काढत होतो."

"मला काय म्हायती बाई. सायन्सला तू हायेस."

विरजण शेजारून मागून आणतात. मी औरंगपुऱ्याकडच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती आणि माझी हिंदी सगळ्यांना ऐकू जाईल याची मला लाज वाटत होती.

"क्या होना बाजी?" दुकानदाराने विचारलं. बाजी म्हणजे ताई.

"स्पंज. पुराना. थोडा गंदा वाला."

"गंदा? अपने यहाँ गंदा माल नै रहता. ये नया देखो."

"नया नको. आपके टाकी में जो चल रहा है ना, वो."

त्याने शेजारच्या दुकानाकडे तोंड करून आवाज दिला, "सुन रे मियाँ, बाजी कचरा लेने आए!" दोन-तीन माणसं हसली. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने एका टाकीतला काळपट स्पंज काढून कात्रीने त्याचा तुकडा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. जाताना एक निळ्या औषधाची बाटलीही पुढे केली. मी ती घेतली नाही. बरोबर केलं की चूक, तेव्हा माहीत नव्हतं, आताही नाही.

तुकडा आमच्या फिल्टरला दोऱ्याने बांधला. मासा तसाच. आणि रविवार आला.

या वेळी काकूंनी फोन उचलला. दर वेळी रेंज कशी जाईल? फोन टाकीसमोर धरला. मासा तळाशी पडलेला. फोनकडे त्याने पाहिलंही नाही.

"आई, हा फुगत का नाही?"

"झोपलाय."

"डोळे उघडे आहेत त्याचे."

"मासे उघड्या डोळ्यानंच झोपतेत. हिला विचार, सायन्सला हाय ही."

आता फोन माझ्याकडे वळला. मी त्या दादाशी पहिल्यांदाच बोलत होते. मला खोटं सुचलं नाही. आजारी आहे, म्हणाले. तो रागावेल असं वाटलं होतं. पण त्याने शांतपणे विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

काकू मागून म्हणाल्या, "ताजं! दर वेळी ताजं. सगळं बदलतो आम्ही, एक थेंब शिळा ठेवत नाय."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, आता खरंच रेंज गेली.

"आई, माझी बादली कुठंय?"

"कोणती? ती लाल? ती फरशी पुसायला घेतली."

मग मला ती गोष्ट कळली. तो इथे होता तेव्हा मोरीच्या कोपऱ्यात त्याची एक लाल बादली असायची. तुरटी घालायच्या आधीचं नळाचं पाणी तो तिच्यात भरून, ब्लीचिंग उडून जावं म्हणून उघडं ठेवायचा आणि पुढे त्यातलं थोडं थोडं बरणीत घालायचा. बरणी पूर्ण रिकामी कधीच करायचा नाही. आणि दर पाण्याला काकू ती बादली शिळी म्हणून ओतून द्यायच्या, आणि मायलेकांचं भांडण व्हायचं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस, कशाला ठेवतो म्हणून," काकू म्हणाल्या.

"सांगत होतो ना. तू म्हणायचीस, घरात शिळं पाणी ठेवू नको, लोक नावं ठेवतील."

मी मधेच उभी होते, फोन हातात, कुणाकडे वळवावा ते कळत नव्हतं.

त्यानंतर आम्ही काय काय केलं, ते सगळं एकदमच केलं. नवी बादली आणली, ती भरून उघडी ठेवली. तिच्यातलं पाणी थोडं थोडं टाकीत घातलं, तेवढंच आधी काढून. दाणे काही दिवस बंद केले. बुडबुडे कमी केले. स्पंजला हात लावला नाही. शाल राहू दिली, कारण काढायची की नाही ते कुणीच सांगितलं नव्हतं. मासा आजारी असताना काकू एकदा मला म्हणाल्या, "तूबी पयल्या महिन्यात आशीच व्हतीस. जेवायची नाय, कोपऱ्यात बसायचीस. मी तुला कुटं रोज घासत व्हते? ऱ्हाऊ दिलं, तर झालीस ना बरी."

मासा बरा झाला. एका सकाळी तो मधोमध तरंगत होता आणि शेपटी उघडी होती. बादलीने झाला, स्पंजाने झाला, उपाशी ठेवल्याने झाला की आईच्या मिठाने, ते मला सांगता येणार नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, असं आम्हाला शिकवतात. पण तिथे वाट बघत पडलेला आजारी मासा नसतो.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी सवयीने टमरेल घेऊन मोरीत शिरले, तर काकू ओट्यापासून ओरडल्या, "ए, त्या बादलीला हात लावू नको! त्याची हाय ती." कुणाची, ते मी विचारलं नाही.

रविवारी त्यांनी फोन टाकीसमोर धरला. मासा पुढे आला, कल्ले फुगवून काचेला भिडला. तिकडे हसणं ऐकू आलं. मग दादा म्हणाला, "आई, बादली दाखव."

काकू फोन घेऊन मोरीकडे गेल्या. एका हाताने बादली दाखवायची आणि दुसऱ्या हाताने दिवा लावायचा, या गडबडीत फोन उलटा झाला आणि त्यांचाच चेहरा कॅमेऱ्यासमोर आला. त्यांनी तो वळवला नाही.

"शिळं आहे ना पाणी?" त्याने विचारलं.

"शिळं हाय," काकू म्हणाल्या. "चांगलं शिळं हाय."